ग्राफिक्स कार्डे गेली कुठे?

बाळकुमहून एका शिक्षिकेचे पत्र आले आहे. त्या माध्यमिक शाळेत गणित व विज्ञान शिकवतात. त्यांचा एक जुना विद्यार्थी बारावीनंतर अ‍ॅनिमेशनच्या अभ्यासक्रमाला जाणार होता. सुटे भाग आणून संगणक घरीच जोडायचा, असे ठरवून त्याच्या वडिलांनी ६० हजार रुपये बाजूला काढून ठेवले होते. गोष्ट २०२१ सालची. बाळकुम नाक्यावरून बसने ठाणे स्टेशन, तेथून लोकलने दादर आणि गाडी बदलून ग्रँट रोड, हा लॅमिंग्टन रोडच्या संगणक-बाजारात जाण्याचा नेहमीचा रस्ता. त्या वर्षी तोही बरेच महिने बंद होता. सर्वसामान्य प्रवाशांना लोकल पुन्हा खुली झाली ती १५ ऑगस्टपासून, आणि तीही लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांनाच. वडील बाजारात पोहोचले तेव्हा बाकीचे सगळे भाग मिळत होते, ग्राफिक्स कार्ड तेवढे नव्हते. एका दुकानात होते, पण त्या एका कार्डासाठीच जवळजवळ सगळे पैसे गेले असते, आणि त्यासोबत नको असलेला मदरबोर्डही घ्यावा लागला असता. मुलाने अखेर वाणिज्य शाखेत नाव घातले.

“हे सांगितले की मुले विचारतात, बाई, कार्डे बनत होती, विकलीही जात होती, मग ती गेली कुठे?” असे या शिक्षिका लिहितात. “बिटकॉइनवाल्यांनी नेली, एवढेच उत्तर मला देता येते. पण एखाद्या चलनासाठी चित्रे काढणारे कार्ड कशाला लागावे, हे मला स्वतःलाच नीट उमगलेले नाही.”

प्रश्न मोलाचा आहे. त्याच्या उत्तरात संभाव्यता आहे, विजेचा हिशेब आहे आणि थोडे अर्थशास्त्रही आहे. सगळे मिळून नववी-दहावीच्या मुलांना समजेल असेच आहे. म्हणून हे उत्तर आम्ही सर्वच वाचकांसाठी देत आहोत.

कार्डाचे मूळ काम

संगणकाचा पडदा म्हणजे ठिपक्यांची जाळी. साध्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० असे ठिपके असतात. गुणाकार केला तर २० लाख ७३ हजार ६०० होतात. खेळ किंवा अ‍ॅनिमेशन चालू असताना हे चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते. म्हणजे दर सेकंदाला सुमारे साडेबारा कोटी ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो.

यातले एकेक काम अवघड नसते. प्रकाश कुठून येतो, पृष्ठभाग कोणता, रंग किती गडद, अशी थोडी आकडेमोड असते. अडचण आहे ती संख्येची. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा हुशार कारकुनासारखा आहे. कोणतेही गुंतागुंतीचे काम तो करतो, पण एका वेळी मोजकीच कामे हातात घेतो. ग्राफिक्स कार्डावरची चिप म्हणजे पाढे म्हणणाऱ्या हजारो मुलांचा वर्ग. प्रत्येकाला थोडेच येते, पण सगळे एकाच वेळी म्हणतात. २०२० मध्ये आलेल्या ‘आरटीएक्स ३०६० टीआय’ या मधल्या दर्जाच्या कार्डात असे ४,८६४ छोटे गणक आहेत. त्यांना माहिती वेळेवर पुरवण्यासाठी शेजारीच अतिशय वेगवान स्मृती बसवलेली असते.

तेव्हा ‘साधी आकडेमोड, पण अफाट वेळा’ असे जे जे काम असेल, त्याला हे कार्ड उपयोगी पडते. खोडदच्या प्रचंड रेडिओ दुर्बिणीचे, म्हणजे जी.एम.आर.टी.चे उदाहरण घेऊ. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांकडून येणारे संकेत एकमेकांशी जुळवून पाहावे लागतात. दुर्बिणीच्या सुधारित यंत्रणेत हे काम अशाच चिपा करतात. कूटचलनाचे, म्हणजे क्रिप्टोकरन्सीचे ‘खनन’ हेही त्याच जातीचे काम आहे.

खातेवही आणि फासे

बँकेत कोणी कोणाला किती पैसे दिले याची वही बँक सांभाळते. कूटचलनात बँक नाही. वहीच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर असतात. मग नवे पान वहीत कोणी लिहायचे? कोणीही लिहू लागला तर लबाडी होणार. यावर जानेवारी २००९ मध्ये सुरू झालेल्या बिटकॉइनने एक तोडगा काढला. पान लिहिण्याचा मान सोडतीने द्यायचा, पण सोडतीचे तिकीट पैशांनी नव्हे, तर आकडेमोडीच्या कष्टाने मिळवायचे.

त्यासाठी ‘हॅश’ नावाची गणिती क्रिया वापरतात. हिच्यात कोणताही मजकूर घातला की ठरावीक लांबीची एक संख्या बाहेर येते. मजकुरात एक अक्षर बदलले तरी संख्या पार बदलते, आणि कोणत्या मजकुराला कोणती संख्या येईल हे क्रिया केल्याशिवाय सांगता येत नाही. नियम असा की पानावरील नोंदींना आपल्या मनाचा एक आकडा जोडायचा आणि हॅश काढायचा. उत्तर ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा लहान आले तर तुम्ही जिंकलात. नाही तर आकडा बदलून पुन्हा प्रयत्न करायचा. जिंकणाऱ्याला पान लिहिण्याचा मान आणि बक्षीस म्हणून नवे चलन मिळते. यालाच खनन म्हणतात. जमिनीत काही खणलेले नसते.

हे सारे वर्गात दोन फाशांनी दाखवता येते. वर्गात ३६ मुले आहेत असे धरा. प्रत्येकाजवळ फाशांची एक जोडी. दर फेरीत सर्वांनी एकदाच फासे टाकायचे. दोन्हींवर सहा आले तर एक चॉकलेट. दोन सहा पडण्याची संभाव्यता १/३६, म्हणून सरासरीने दर फेरीला एक मूल जिंकेल. आता शेजारच्या वर्गातील आणखी ३६ मुले आली. दर फेरीला सरासरी दोन विजेते निघू लागतील. पण शिक्षकांजवळ दर फेरीला एकच चॉकलेट आहे. म्हणून ते नियम कडक करतात: दोन सहा पडल्यावर नाणेही उडवायचे, आणि छाप आला तरच चॉकलेट. संभाव्यता १/७२ झाली आणि पुन्हा फेरीला सरासरी एकच विजेता निघू लागला.

कूटचलनांत नेमके हेच होते. फासे टाकणारे वाढले की मर्यादा आपोआप कडक होते, कमी झाले की सैल होते. बिटकॉइनमध्ये हा फेरबदल दर २,०१६ पानांनंतर होतो. एकूण बक्षीस मात्र तेवढेच राहते.

आता एका हुशार मुलाने घरून फाशांच्या दहा जोड्या आणल्या. त्याची जिंकण्याची शक्यता सुमारे दहापट झाली. ते पाहून दुसऱ्याने वीस आणल्या. बघता बघता बाळकुम नाक्यापासून माजिवड्यापर्यंतच्या सगळ्या दुकानांतले फासे संपले. वर्गात एकही चॉकलेट वाढले नाही, पण सापशिडी खेळू पाहणाऱ्या लहान भावाला फासा मिळेनासा झाला.

शिक्षिकेचा विद्यार्थी म्हणजे सापशिडीवाला हा लहान भाऊ, आणि फासे म्हणजे ग्राफिक्स कार्डे.

दोष बिटकॉइनचा की दुसऱ्याचा?

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करायला हवा. बिटकॉइनचे खनन आरंभी साध्या संगणकांवर होत असे. २०१० पासून लोक त्यासाठी ग्राफिक्स कार्डे वापरू लागले. पण २०१३ च्या सुमारास फक्त बिटकॉइनचाच हॅश काढणाऱ्या खास चिपा बाजारात आल्या. त्या इतक्या वेगवान निघाल्या की ग्राफिक्स कार्डाने बिटकॉइन मिळवणे परवडेनासे झाले. २०१७ आणि २०२१ मध्ये कार्डांचा दुष्काळ पडला तो मुख्यतः जुलै २०१५ मध्ये सुरू झालेल्या इथेरियमच्या ‘इथर’ या चलनामुळे.

इथेरियमच्या रचनाकारांनी हॅशची क्रिया मुद्दाम अशी बेतली होती की ती करताना एका मोठ्या तक्त्यातून पुन्हा पुन्हा माहिती उचलावी लागे. हा तक्ता सुरुवातीस एक गिगाबाइटचा होता व हळूहळू वाढत जाई. त्यामुळे नुसता गणक वेगवान असून भागत नसे, शेजारची स्मृतीही मोठी आणि वेगवान लागे. खास चिपा बनवणाऱ्या मोजक्या कारखानदारांच्या हाती सारे जाऊ नये, घरोघरच्या संगणकांनाही भाग घेता यावा, असा त्यामागे हेतू होता. हेतू चांगला होता, परिणाम मात्र निराळा झाला. वेगवान गणक आणि वेगवान स्मृती एकत्र असलेली, कोणत्याही दुकानात मिळणारी वस्तू एकच होती: ग्राफिक्स कार्ड. बिटकॉइनचा सहभाग अप्रत्यक्ष होता. त्याचा भाव चढला की इतर कूटचलनांचे भावही चढत.

खनकाला किती भाव परवडतो?

‘मागणी वाढली म्हणून भाव वाढले’ हे खरे, पण अपुरे उत्तर आहे. भाव दुप्पट झाल्यावर मागणी घटायला हवी होती. ती का घटली नाही, हे समजण्यासाठी एक ठोकळ हिशेब करू.

नोव्हेंबर २०२१ घ्या. इथेरियमच्या साऱ्या जाळ्यात मिळून दर सेकंदाला सुमारे ८०० लाख कोटी हॅश काढले जात होते. आपले ३०६० टीआय कार्ड सेकंदाला सुमारे ६ कोटी काढी. भागाकार केला तर जगात अशी १ कोटी ३३ लाख कार्डे चालू आहेत असे म्हणता येईल. दिवसाला सुमारे ६,५०० पाने लिहिली जात आणि प्रत्येक पानाला २ इथर मिळत, म्हणजे रोज १३,००० इथर. एका कार्डाच्या वाट्याला सरासरी ०.०००९८ इथर येई. इथरचा भाव ४,००० डॉलर आणि डॉलर ७४ रुपये धरला, तर हे झाले दिवसाला सुमारे २९० रुपये.

आता खर्च. खननासाठी जुळवून घेतलेले हे कार्ड सुमारे १२० वॅट घेते. २४ तासांत २.८८ युनिट. युनिटला १२ रुपये धरले तर रोज ३५ रुपये. शिल्लक राहिली २५५ रुपये, महिन्याला साडेसात हजारांहून थोडी अधिक.

या कार्डाची जाहीर किंमत ३९९ डॉलर होती. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला तर ती ३५ हजार रुपयांच्या आसपास जाते. खनकाचे पैसे पाच महिन्यांच्या आत वसूल होतात. दुकानदाराने ७० हजार सांगितले तरी नऊ-दहा महिन्यांत वसूल होतात. म्हणून तो ७० हजारांना कार्ड घेतो, आणि एक नव्हे तर सहा-सहा घेतो. विद्यार्थ्याचे तसे नाही. त्याच्यासाठी कार्ड हा खर्च आहे, कमाईचे यंत्र नव्हे. त्याच्या खिशाला ३५ हजारांनंतरचा प्रत्येक हजार जड आहे. लिलावात हे दोघे समोरासमोर उभे राहिले की कोण जिंकणार हे सांगायला नको. थोडक्यात, त्या काळात कार्डाची किंमत ते बनवायला किती खर्च आला यावर ठरत नव्हती. ते किती इथर मिळवून देईल, यावर ती ठरत होती.

हाच हिशेब जून २०२२ साठी करून पाहा. इथर ११०० डॉलरपर्यंत उतरला होता, जाळ्याचा वेग सुमारे ९०० लाख कोटी होता आणि डॉलर ७८ रुपये होता. रोजची प्राप्ती ७४ रुपये येते. विजेचे ३५ वजा जाता उरतात ३९. सत्तर हजारांचे कार्ड वसूल व्हायला आता पाच वर्षे लागतील! कार्डांचे भाव त्याच उन्हाळ्यात का कोसळले, ते यावरून कळते.

युनिटला १२ रुपये जास्त वाटतील. पण सहा कार्डांचे एक यंत्र, पंखे वगैरे धरून, ९०० वॅट घेते. महिन्याला ६४८ युनिट होतात. महावितरणच्या घरगुती दरांत १००, ३०० आणि ५०० युनिटांचे टप्पे आहेत आणि वरच्या टप्प्याला दर चढा असतो. घरच्या वापरावर हे ६४८ युनिट चढले की बिल सर्वांत वरच्या टप्प्यात जाते. शिवाय ऊर्जा अक्षय्यतेचा नियम कोणालाच चुकत नाही. घेतलेल्या ९०० वॅटची शेवटी उष्णताच होते. बाळकुमसारख्या खाडीकाठच्या दमट हवेत मे महिन्यात अशी शेगडी अहोरात्र खोलीत ठेवायची, तर ती उष्णता बाहेर काढायला वातानुकूलन यंत्र लागते आणि त्याची वीज वेगळी. म्हणूनच खननाचे मोठे कारखाने स्वस्त विजेच्या आणि बहुधा थंड हवेच्या प्रदेशांत उभे राहिले.

कारखान्यांनी जास्त कार्डे का बनवली नाहीत?

फासे संपले तर फासे करणारा आणखी करील. चिपांचे तसे नाही. अद्ययावत चिपा बनवणारे कारखाने जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. एनव्हिडिया ही कंपनी चिपेची रचना करते, पण २०२० साली आलेल्या तिच्या कार्डांच्या चिपा सॅमसंगच्या कारखान्यात बनत होत्या, तर स्पर्धक एएमडीच्या तैवानमधील टीएसएमसीकडे. एका चकतीवर शेकडो प्रक्रिया होऊन चिप बाहेर पडायला काही महिने लागतात, आणि नवा कारखाना उभा राहायला काही वर्षे. इथरचा भाव मात्र काही आठवड्यांत दुप्पट होऊ शके.

आणखी एक धास्ती होती. २०१७ च्या तेजीत कंपन्यांनी उत्पादन वाढवले. जानेवारी २०१८ मध्ये १,४०० डॉलरच्या आसपास गेलेला इथर त्या वर्षाअखेर शंभर डॉलरच्या खाली आला आणि गोदामांत माल पडून राहिला. पाठोपाठ खनकांची वापरलेली कार्डेही बाजारात आली. दुधाने तोंड पोळलेल्या कंपन्या पुढच्या वेळी ताकही फुंकून पिऊ लागल्या.

सारा दोष खनकांच्या माथी मारणे मात्र योग्य नाही. महासाथीच्या काळात घरून काम, घरून शाळा आणि घरात अडकलेल्यांची करमणूक यांमुळे संगणकांची मागणी सगळीकडेच वाढली होती. चिपांचा तुटवडा मोटारींनाही भोवला. जहाजवाहतूक विस्कळीत झाली होती. शिवाय कार्डे जाळ्यावर विक्रीस येताच स्वयंचलित आज्ञावल्यांच्या साहाय्याने ती उचलून चढ्या भावाने विकणारे दलाल होते. जॉन पेडी रिसर्च या संस्थेच्या अंदाजानुसार २०२१ च्या पहिल्या तिमाहीत सुमारे ७ लाख कार्डे, म्हणजे एकूण विक्रीच्या चौथाई, खनक आणि सट्टेवाल्यांकडे गेली. चारांतला एक ग्राहक कोणताही भाव द्यायला तयार असला आणि माल आधीच अपुरा असला, की भाव उरलेल्या तिघांसाठीही तोच ठरवतो.

कुलूप आणि किल्ली

एनव्हिडियाने फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘आरटीएक्स ३०६०’ हे कार्ड आणले तेव्हा त्यात एक कुलूप घातले. कार्ड इथेरियमचे खनन करत आहे असे ओळखले की वेग निम्म्यावर यायचा. खेळांना व चित्रांना अडथळा नाही. पण मार्चमध्ये कंपनीनेच प्रसृत केलेल्या एका चाचणी-आज्ञावलीत हे कुलूप चुकून उघडे राहिले! खनकांसाठी पडद्याची जोडणीच नसलेली वेगळी कार्डेही तिने काढली. त्यावर टीका अशी झाली की चिपा शेवटी त्याच मर्यादित पुरवठ्यातून येणार, आणि खनन संपल्यावर अशी कार्डे विद्यार्थ्याच्याही उपयोगाची राहणार नाहीत.

याच कंपनीला मे २०२२ मध्ये अमेरिकेच्या रोखे आयोगाशी तडजोड करून ५५ लाख डॉलर दंड भरावा लागला. खेळांसाठीच्या कार्डांची २०१७ मधील विक्री वाढण्यात खननाचा मोठा हात होता, ही गोष्ट तिने गुंतवणूकदारांना पुरेशी स्पष्ट सांगितली नव्हती, असा आयोगाचा ठपका होता.

विज्ञानालाही झळ

नुकसान केवळ खेळाडूंचे झाले असते तर या मासिकात एवढी जागा आम्ही दिली नसती. दक्षिण आफ्रिकेत ‘हेरा’ नावाची रेडिओ दुर्बीण उभारली जात होती. विश्वातील पहिल्या ताऱ्यांच्या काळातील हायड्रोजनचा क्षीण संकेत शोधणे हे तिचे काम. २०१८ च्या आरंभी तिच्या शास्त्रज्ञांना लागणाऱ्या ग्राफिक्स चिपांचा भाव काही महिन्यांत सुमारे दुप्पट झाल्याची बातमी आली होती. परग्रहावरील बुद्धिमान जीवांचे संकेत शोधणाऱ्यांनाही त्या वेळी चिपा मिळेनाशा झाल्या होत्या.

याच्या उलट उदाहरण २०२० चे आहे. ‘फोल्डिंग अ‍ॅट होम’ या प्रकल्पात लोक आपल्या संगणकांची रिकामी शक्ती प्रथिनांच्या घड्यांच्या अभ्यासासाठी देतात. मार्च २०२० मध्ये लाखो लोकांनी आपली यंत्रे करोना विषाणूच्या प्रथिनांसाठी जोडली. त्यांत ग्राफिक्स कार्डांचा वाटा मोठा होता. त्या जाळ्याचा एकत्रित वेग सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतक्या क्रियांच्या पलीकडे गेला. त्याच वर्षी जूनमध्ये बाळकुमच्या ग्लोबल हबमध्ये ठाणे महापालिकेचे हजारावर खाटांचे तात्पुरते कोविड रुग्णालय सुरू झाले होते. ज्या रोगाचे रुग्ण तेथे होते, त्याच विषाणूचे गणित घरोघरची तीच कार्डे सोडवत होती. पुढच्याच वर्षी तशी कार्डे अहोरात्र फासे टाकत बसली. हरलेल्या फाशांचा कोणालाच उपयोग नसतो. हॅशच्या अब्जावधी फसलेल्या उत्तरांतून वहीचे संरक्षण होते हे खरे, पण ज्ञान म्हणून काहीच उरत नाही.

ओहोटी आणि जुनी कार्डे

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने खननाची पद्धतच बंद केली. पान लिहिण्याचा मान आता आकडेमोडीवर नव्हे, तर तारण ठेवलेल्या चलनावर ठरतो. इथेरियम फाउंडेशनच्या अंदाजानुसार त्यामुळे विजेचा वापर सुमारे ९९.९५ टक्क्यांनी घटला. ग्राफिक्स कार्डांचे हे सर्वांत मोठे काम एका दिवसात संपले. इतर छोटी चलने होती, पण सगळी कार्डे त्यांच्याकडे वळताच प्रत्येकाचा वाटा विजेच्या बिलाखाली गेला. फाशांचा नियम तोच!

खनकांची कार्डे मग जुन्या बाजारात आली. ती घ्यावीत का, असेही शिक्षिकेने विचारले आहे. एका स्थिर तापमानावर चाललेली चिप सहसा लवकर खराब होत नाही. झिजतात ते पंखे, आणि वाळतो तो चिपेची उष्णता बाहेर नेणारा लेप. स्मृतीच्या चिपा मात्र खननात फार तापलेल्या असतात. म्हणून असे कार्ड घेताना ते समोर अर्धा तास पूर्ण भाराने चालवून पाहावे, पंख्याचा आवाज ऐकावा, पडद्यावर ठिपके किंवा रेघा उमटतात का ते पाहावे आणि हमीची मुदत तपासावी. शाळेच्या संगणक-कक्षासाठी तर वेगळ्या कार्डाची गरजच नसते. मुख्य प्रोसेसरमध्ये अंतर्भूत असलेली चित्रव्यवस्था पुरेशी होते.

पत्रातला शेवटचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. पालकांच्या एका गटात “पैसे भरा, आमची यंत्रे तुमच्यासाठी खनन करतील, दरमहा ठरावीक परतावा” अशी योजना फिरत आहे. येथे फाशांचा खेळ आठवावा. खननाची प्राप्ती चलनाच्या भावावर आणि इतर किती जण फासे टाकत आहेत यावर अवलंबून असते, आणि दोन्ही गोष्टी रोज बदलतात. अशा धंद्यात ठरावीक परतावा कोणीही देऊ शकत नाही. जो ते आश्वासन देतो, तो खननाविषयी बोलतच नाही असे समजावे. ‘गेनबिटकॉइन’ या योजनेत १८ महिने दरमहा १० टक्के असे आमिष दाखवल्याचा आरोप आहे. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये तिच्या प्रमुख आरोपीला अटक केली आणि पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. सरळ मार्गाने खनन करू म्हणणाऱ्यानेही हे ध्यानात घ्यावे की १ एप्रिल २०२२ पासून आपल्याकडे कूटचलनाच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि यंत्रांवरचा खर्च त्यातून वजा धरता येत नाही असे सरकारने स्पष्ट केले आहे.

वर्गात करून पाहा

फाशांचा खेळ एका तासिकेत होतो. पहिल्या वीस फेऱ्यांत सर्वांना एकच जोडी द्यावी आणि विजेत्यांची नोंद फळ्यावर करावी. पुढच्या वीस फेऱ्यांत काही मुलांना जास्त जोड्या द्याव्यात आणि नियम त्या प्रमाणात कडक करावा. मग तीन प्रश्न विचारावेत. एकूण चॉकलेटे वाढली का? एकच जोडी असलेल्याचे किती नुकसान झाले? एका जोडीसाठी तुम्ही किती चॉकलेटे मोजाल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी काढले, की वर दिलेला ७० हजारांचा हिशेब त्यांना सांगावा लागणार नाही.

खननाचा प्रश्न मिटला तरी हे गणित जुने होत नाही. ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामासाठी लागणाऱ्या चिपा आणि स्मृती याच मोजक्या कारखान्यांतून येतात. २०२५ च्या उत्तरार्धात स्मृतीच्या चिपांचे भाव पुन्हा झपाट्याने चढले ते याच मागणीमुळे. कमाईसाठी घेणारा आणि शिकण्यासाठी घेणारा एकाच दुकानात उभे राहिले की काय होते, हे मुलांना एकदा कळले तर पुढच्या टंचाईच्या वेळी ती नुसती हळहळणार नाहीत, कारण विचारतील. बाईंनी खेळ जरूर घ्यावा आणि मुलांची उत्तरे आम्हाला कळवावीत. तास संपल्यावर फासे मात्र सापशिडीच्या खोक्यात परत गेले, एवढे पाहावे.